संध्याकाळी गाडी चार चाकांवर हवी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची, तुझ्या जिप्सीला काय काय करायचंय त्याची यादी मिळाली. गाडी उंच करायची तीन इंचांची लिफ्ट, मोठे टायर, पुढं लोखंडी बंपर, अडकलेली गाडी ओढून काढायचा विंच, वर कॅरिअर, आणि खाली बारीक अक्षरात, "काका, गॅरेज नाही. गल्लीतच करावं लागेल." सगळ्या यादीत वजनदार ओळ हीच. बाकीचं सगळं तिच्यावर ठरतं, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

मी बेळगावच्या शहापुरात भाड्यानं राहायचो तेव्हाची गोष्ट. माझ्या जिप्सीचे मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, काढायचे म्हणून एका रविवारी सकाळी गाडी दारात स्टँडवर चढवली. पाटे जागेवर आवळून धरणारे तीन यू-बोल्ट सुटले. चौथा गंजलेला होता, तो संध्याकाळी पाच वाजता पान्याखाली मोडला. सोमवारी त्या मापाचा तयार मिळेना, मंगळवारी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत करून घेतला, बुधवारी गाडी खाली आली. मधल्या सोमवारी रात्री शेजारच्या आजींना दम लागला. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली, कारण मध्ये माझी बिनचाकाची गाडी. न्यूट्रल करून ढकलावी म्हटलं तर चाकंच नाहीत. आम्ही चौघांनी आजींना खुर्चीत बसवून उचलून नेलं. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, मला कुणी एक शब्द बोललं नाही. ती खुर्ची मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि तुझा सगळा बेत मी त्याच्यावरच बसवणार आहे. सूर्य मावळायच्या आत गाडी स्वतःच्या चारी चाकांवर उभी राहून चालू झाली पाहिजे. जे काम एका दिवसात उघडून मिटवता येत नाही ते गल्लीत उघडायचं नाही. त्याचे तुकडे पाड, नाहीतर दोन दिवसांसाठी कुणाची जागा भाड्यानं घे. ज्यांच्याकडे गॅरेज असतं त्यांच्या गाड्या सहा-सहा महिने खोललेल्या पडून असतात. तुला ती चैन नाही, त्यामुळे तुझा बेत जास्त नीट असावा लागेल.

आता लिफ्टचं. तुला गाडी कशासाठी हवी ते मला माहीत आहे. पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढं आजोळी जायला. तो रस्ता मी पाहिलाय. तिथं जांभा दगड, तांबडी माती, आणि जुलैमध्ये त्या मातीचा लोण्यासारखा चिखल. तिथं गाडी उंचीला कमी पडून अडकत नाही, टायरच्या खाचा मातीनं भरून गुळगुळीत होतात म्हणून अडकते. शिवाय जिप्सीचे दोन्ही ॲक्सल, म्हणजे डावं-उजवं चाक जोडणारे दांडे, सरळ, अखंड आहेत. पाटे उंच केलेस तर बॉडी आणि चेसिस वर जाते, पण ॲक्सलवरचा डिफरेन्शियलचा (गिअरचा) गोळा जमिनीपासून जिथं होता तिथंच राहतो. तो उचलतो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्मा.

हिशोब करून बघ. तुझा टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास ६६८ मिलिमीटर. तू लिहिलेला २३५/७५ आर १५ घेतलास तर ७३३ च्या आसपास. फरक ६५, म्हणजे गोळ्याखाली मिळाले ३२-३३ मिलिमीटर, जेमतेम सव्वा इंच. त्या बदल्यात स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ नं पळत असेल, चढाला इंजिन दमेल आणि वळताना टायर मडगार्डला घासेल. मधला २१५/७५ घेतलास तर साधारण १८ मिलिमीटर मिळतात आणि फरक पाच टक्क्यांवर राहतो. माझं मत मधल्याकडेच आहे, आणि खाचा मोठ्या असलेला घे. पण आपल्या मॉडेलला कंपनीनं कुठली मापं दिली होती ते आधी तपास आणि त्याच्या बाहेर जाऊ नकोस.

कारण कायदा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. दंड एका बदलाला पाच हजारांपर्यंत, आणि कैदेचीही तरतूद आहे. अपघात झाला तर विम्याचा वाद वेगळाच. लोखंडी बंपर यादीतून आजच खोडून टाक. तसल्या गार्डवर कारवाई करा असं केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना कळवलंय, आणि समोर पायी चालणारा माणूस आला तर ते लोखंड त्याला मारतं.

तुझी गाडी एमएच ०९. कोल्हापूरची गाडी बेळगावात वर्ष-दीड वर्ष तशीच फिरते, आपल्या सीमाभागात हे सर्रास चालतं. पण दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी आण, इकडचा टॅक्स भर आणि केए २२ करून घे. गाडी २००६ ची, म्हणजे १५ वर्षं उलटून नोंदणीचं नूतनीकरण झालेलं असणार, त्याची मुदतही बघून ठेव. हे सगळं पाना हातात घ्यायच्या आधी, गाडी कंपनीतून आली तशी असताना.

मग तीन इंचांचं काय करायचं? वीस वर्षांच्या जिप्सीचे पाटे बसलेले असतात. कमान जाऊन ते सपाट झालेले असतात, ड्रायव्हरच्या बाजूला जरा जास्तच. गेलेली उंची परत मिळवणं हा बदल नव्हे, ती दुरुस्ती आहे. माझ्या गाडीला नुसते नवे पाटे आणि त्यांच्या टोकांतले नवे रबरी बुश घातल्यावर पुढं सव्वा इंच आणि मागं दीड इंच उंची आली होती. तुझी पहिली लिफ्ट हीच, आणि मला वाटतं बहुधा शेवटचीही.

किती बसलेत ते कळायला मोजावं लागतं, आणि मोजायला सपाट जमीन लागते. गल्ली सपाट नसते, गटाराकडे उतरती असते. त्यासाठी वजनकाटा. आपल्याकडे उसामुळं आणि कारखान्यांमुळं काट्यांना तोटा नाही, आणि काट्याची प्लेट पाणसळीत बसवलेली असते. थोडे पैसे देऊन आधी फक्त पुढची चाकं वर घेऊन वजन कर, मग पूर्ण गाडीचं. पुढं किती, मागं किती ते कळतं, आणि पाटे करताना हाच आकडा लागतो. तिथंच टेपनं चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत चार माप घे. जमिनीपासून मोजू नकोस, त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. चार आकडे वहीत लिही, तारीख घाल. या चार आकड्यांशिवाय कुणाकडूनही काही विकत घेऊ नकोस.

पाटे जुनेच वापरायचे झाले तर पाटेवाल्याकडे स्वतः उभी राहा. हायवेला ट्रकची कामं करणारे आहेत, कुणी कानडीत बोलेल, कुणी उर्दूत, तुला दोन्ही येतं. एवढंच बघ की गॅसनं लाल करून नुसता वाकवून देत नाहीत ना. तापवला तर परत नीट पाणी द्यायला लागतं, नाहीतर पाटा मऊ पडतो आणि सहा महिन्यांत परत सपाट होतो. पाट्याला वेल्डिंग तर कधीच लावू द्यायचं नाही. पैसे असतील तर नवा संच घे. यू-बोल्ट मात्र नवेच. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेलेला असतो, तो परत घालायचा नाही.

लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी, लावून झटपट उंची मिळते असं तुला कुणीतरी सांगितलंय. दोन इंच लांब शॅकल लावला की एक इंच मिळतो, हे खरं. मीही लावले होते. जिप्सीचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाटा पुढून खाली झुकतो, ॲक्सल किंचित पुढं फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ आणणारा तिरकेपणा, कमी होतो. वंटमुरी घाटात सत्तरच्या वेगात वळण संपलं आणि स्टेअरिंग परत सरळ येईना. बायको शेजारी होती. गाडी बाजूला घेतली, हात थरथरत होते. तिथून घरापर्यंत तीसनं आलो. पुढं ॲक्सल आणि पाट्यामध्ये तिरकी पाचर घालून ते सुधारलं, पण एका इंचासाठी तो धोका घ्यायला नको होता. तू घेऊ नकोस.

कामाची रीत सांगतो. जून ते सप्टेंबर काहीही उघडायचं नाही, दिवाळीनंतर सुरुवात. रविवारी पाटे काढायचे असतील तर बुधवारपासून रोज रात्री नटांवर गंज सोडवायचं तेल मार. शनिवारी प्रत्येक नट एकदा अर्धा फेरा सोडून परत आवळून बघ. जो हलत नाही त्यासाठी रविवार खर्च करू नकोस, गाडी चालवत गॅरेजात ने आणि तेवढा नट सोडवून आण. एका रविवारी एकच ॲक्सल, मागचा आधी, कारण त्यात स्टेअरिंग येत नाही. जॅकखाली दोन फूट लांब-रुंद जाड प्लायवूड घाल. गल्लीतल्या फरशीचा भरवसा नाही, खाली पोकळ असते. मागचा ॲक्सल उचलला की हँडब्रेक उपयोगाचा नाही, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव. दोन चांगले स्टँड घे, विंचचे पैसे त्यात घाल. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. यात मी तुझं काही ऐकणार नाही.

नवे पाटे बसले की चाकं अधांतरी लोंबकळू देऊन ब्रेकचा रबरी पाइप बघ. तो ताणला जात असेल तर लांब पाइप घातल्याशिवाय गाडी हलवू नकोस. शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण उघडून अडकतोय का तेही बघ. मग गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पाट्यांवर असताना बुशचे बोल्ट आवळ. अधांतरी आवळलेस तर बुश पिळवटून लवकर फाटतात. खानापूरला दोनदा जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात, तेवढं झालं की यू-बोल्ट परत आवळ, पाचशेला पुन्हा एकदा. पुढचं काम झालं की अलाइनमेंट.

एखादी पट्टी किंवा ब्रॅकेट करून घ्यायचा असेल तर आधी पुठ्ठ्याचा साचा काप, गाडीवर धरून बघ, भोकं पेन्सिलीनं मार, आणि तो साचा उद्यमबागेत घेऊन जा. तिथले टर्नर-फॅब्रिकेटर पुठ्ठा बघून तासाभरात काम देतात. नुसतं तोंडी सांगितलेलं काम तीनदा फिरून येतं.

भीमगडच्या अभयारण्यात, ओढ्यात, भाताच्या शेतात गाडी घालायची नाही, हे तुला सांगायची गरज नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता उद्यमबागेतल्या काट्यापाशी ये. टेप मी आणतो, वही तू आण. टाकी अर्धी ठेव आणि मागचं सगळं सामान काढून ये, म्हणजे वजन खरं कळेल.

तुझे,
काका