जुन्या फ्रीजचे धुरीचे कपाट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बंद पडलेल्या फ्रीजपासून मांस आणि मासळी धुरावण्याचे कपाट करण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रांचा आशय थोडक्यात दिला आहे.

पुण्याहून एक वाचक विचारतात : आमचा पंधरा वर्षांचा एकदारी फ्रीज बंद पडला आहे. भंगारात देण्याऐवजी आत खाली शेगडी ठेवून त्याचे धुरीचे कपाट करता येईल का?

नाही, आणि हे उत्तर मी कोणतीही पळवाट न ठेवता देत आहे. अलीकडच्या फ्रीजची आतली भिंत प्लॅस्टिकची असते, ती सुमारे ९० ते १०० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, आणि तिच्यामागे पॉलियुरेथेनचा फोम, म्हणजे ज्याला मेकॅनिक ‘पफ’ म्हणतात तो, पत्र्याला घट्ट चिकटलेला असतो. हा फोम पेटला की त्यातून कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. मांस शिजवणारी धुरी १०० ते १२० अंशांवर चालते, त्यामुळे असे कपाट आरंभापासूनच धोक्याच्या रेषेपलीकडे असते.

या कामाला योग्य ठरतो तो आतूनही लोखंडी पत्र्याचा, मुलामा दिलेला आणि दोन पत्र्यांच्या मध्ये काचलोकर (ग्लास वूल) भरलेला जुना फ्रीज. भारतात गोदरेजने पहिला देशी फ्रीज १९५८ साली आणला. त्यानंतरच्या काही दशकांतली अशी यंत्रे जुन्या घरांत अजून सापडतात. ओळखण्यासाठी आतल्या भिंतीला लोहचुंबक लावून पाहावे. तो चिकटला तर भिंत लोखंडी आहे. तेवढ्यावर न थांबता दाराच्या चौकटीची पट्टी उचकटून आत पिवळी मऊ लोकर आहे की टणक फोम आहे, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. तुमच्याकडे प्लॅस्टिकचाच फ्रीज असेल तर तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा आणि धुरीसाठी खाद्यतेलाचे स्वच्छ केलेले लोखंडी पिंप वापरावे. ते अधिक सुरक्षित आहे.

कोल्हापूरहून एक वाचक लिहितात : वडिलांच्या काळातला लोखंडी फ्रीज मिळाला आहे, आतली भिंतही पत्र्याचीच आहे. नळ्या कापून यंत्र काढले की काम झाले का? आतल्या जाळ्या तशाच वापरू का?

नळ्या कापू नयेत. त्या काळच्या यंत्रांत आर-१२ हा थंडावा निर्माण करणारा वायू असतो. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार १ जानेवारी २०१० पासून त्याचा वापर विकसनशील देशांतही संपवण्यात आला. शिवाय तो उघड्या ज्योतीत सापडला तर हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन यांसारखे विषारी वायू तयार होतात, त्यामुळे गॅस-कटर लावणे तर सर्वस्वी वर्ज्य. मेकॅनिकला बोलावून वायू सिलिंडरमध्ये खेचून घ्यावा, मगच कॉम्प्रेसर तेलासकट काढावा, आणि थंडाव्याची जाळी, दिवा, थर्मोस्टॅट, वायरी हे सर्व उतरवावे.

यानंतरचे काम मात्र निवांतपणे करण्यासारखे आहे, कारण या जातीच्या कपाटांत प्लॅस्टिक अगदी अनपेक्षित जागी लपलेले असते. मुख्य पेटी लोखंडी असली तरी दाराच्या आतली बाजू बहुधा प्लॅस्टिकची निघते. ती काढून तेथे स्टेनलेस स्टीलचा पत्रा रिव्हेटने बसवावा. आतला आणि बाहेरचा पत्रा जोडणारी चौकटीची पट्टी बदलावी, दाराचे रबर काढून काचतंतूंची दोरी लावावी, आणि भिंतीत जुन्या नळ्यांमुळे उरलेली भोके पत्र्याच्या चकतीने बंद करावीत. काचलोकर हाताळताना हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी.

जुन्या जाळ्या मात्र टाकूनच द्याव्यात. त्यांतील काहींवर कॅडमियमचा किंवा जस्ताचा लेप असे. मीठ आणि आंबट मसाला लावलेले मांस त्यावर ठेवून तापवले तर तो धातू अन्नात उतरतो, आणि कॅडमियम विषारी आहे. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या सळया आणून आडव्या टाकल्या की त्यांवर आकडेही लटकवता येतात.

दाराच्या कडीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण ते सांगणे मला आवश्यक वाटते. जुन्या फ्रीजची खटकेवजा कडी आतून उघडत नाही. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपलेली मुले गुदमरून दगावल्यामुळे अमेरिकेने १९५६ साली दार आतून उघडता येण्याची सक्ती करणारा कायदा केला. काम सुरू करण्यापूर्वीच ती कडी उतरवून ठेवावी आणि शेवटी आतून ढकलल्यावर सुटेल अशीच साधी कडी लावावी.

अमेरिकेत न्यू जर्सी येथे राहणाऱ्या वाचकाचे दोन प्रश्न आहेत : डुकराच्या खांद्याचा तुकडा ११० अंशांच्या कपाटात ठेवला, मांसाच्या आतले तापमान ६८ अंशांवर तीन तास अडून बसले. थर्मामीटर बिघडला असेल का? शिवाय मांस कडवट लागले आणि त्यावर काळे थेंब होते.

थर्मामीटर बहुधा ठीक आहे. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी बाष्प होऊन जाताना उष्णता घेऊन जाते, आणि कपाट जेवढी उष्णता देते तेवढीच बाष्पीभवनात खर्च होऊ लागली की आतला काटा साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तासन् तास हलत नाही. घाबरून आच वाढवू नये. घाई असेल तर या टप्प्यावर तुकडा जाड कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळावा, म्हणजे बाष्प अडते आणि काटा पुढे सरकतो. सुरक्षिततेपुरते म्हणाल तर अखंड पोर्क ६३ अंशांना, त्यानंतर तीन मिनिटे ठेवून, खाण्यास योग्य होते. खांद्याचा तुकडा ९३ अंशांच्या आसपास नेतात तो कोलॅजेन, म्हणजे मांसातला चिवट भाग, विरघळून मांस मऊ व्हावे म्हणून.

कडवटपणाचे कारण कोंडलेला धूर हे आहे. फ्रीज हवाबंद राहण्यासाठीच बनवलेला असतो आणि हाच त्याचा या कामातला सर्वांत मोठा दोष आहे. धूर बाहेर पडला नाही की तो थंड भिंतींवर गोठतो आणि डांबरासारखा थेंब-थेंब खाली गळतो. खालचे हवेचे भोक सुमारे ७५ मिलिमीटरचे असेल तर वरचे धुराडे १०० मिलिमीटरचे ठेवावे, आणि वरची झडप कधीही पूर्ण बंद करू नये. आचेचे नियंत्रण खालच्या झडपेने करावे. धुराड्यातून येणारा धूर पातळ आणि निळसर दिसला पाहिजे. दाट पांढरा धूर येत असेल तर लाकूड गुदमरते आहे. ढलप्या पाण्यात भिजवण्याची पद्धतही सोडावी, कारण आधी पाण्याची वाफ निघून जाईपर्यंत लाकूड नीट धुमसतच नाही.

विजेची शेगडी वापरत असाल तर एवढ्या पेटीला १००० ते १५०० वॅट पुरतात. तिच्यावर तिरका पत्रा टाकून चरबी बाजूच्या भांड्यात उतरवावी; चरबी तापलेल्या तारेवर पडून पेटली की बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये मांसावर बसतात. युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसात बेंझोपायरीनची मर्यादा २०१४ पासून किलोला २ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली आहे. शेगडीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच, आणि कपाट उघड्यावरच चालवावे, गॅरेजमध्येसुद्धा नको.

रत्नागिरीहून एक वाचक : बांगडा धुरावून पिशवीत व्हॅक्यूम पॅक करून ठेवला तर किती दिवस टिकेल? येथे थंड धुरी चालेल का?

थंड धुरी, म्हणजे ३० अंशांखालची, किनारपट्टीवर जवळजवळ अशक्य आहे. बाहेरची हवाच तेवढी गरम आणि ओलसर असते, आणि अशा हवेत कच्चा मासा तासन् तास ठेवणे म्हणजे जिवाणूंची वाढ करणे. गरम धुरीच द्यावी. बांगडा पोट साफ करून, लिटरला ८० ग्रॅम मिठाच्या पाण्यात तासभर ठेवावा, पुसून पंख्याखाली वाळवावा. बोट लावल्यावर कातडी किंचित चिकट आणि चकचकीत लागली म्हणजे ती धूर धरण्यास तयार झाली. आच हळूहळू वाढवत न्यावी, आणि सर्वांत जाड भागात ६३ अंश आल्यावर ते तापमान अर्धा तास टिकवावे.

व्हॅक्यूम पॅक करून बाहेर ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. धुरीने मासा निर्जंतुक होत नाही, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू हवा नसलेल्या जागीच वाढतात. मासळीत आढळणारा त्यांचा एक प्रकार ३.३ अंशांच्या वर, म्हणजे अनेक घरांतल्या चालू फ्रीजमध्येही वाढू शकतो. पॅक करायचाच असेल तर थेट फ्रीझरमध्ये ठेवावा, आणि वितळवण्यापूर्वी पिशवी फोडावी. नाहीतर कागदात गुंडाळून थंड ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा.

मडगावहून एक वाचक : घरच्या चोरिसांना, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजना, या कपाटात धूर द्यायचा आहे. परदेशी पाककृतीत ‘पिंक सॉल्ट’ लिहिले आहे. आम्ही सैंधव वापरले तर चालेल का?

मुळीच चालणार नाही. सैंधवाचा गुलाबी रंग खनिजांचा आहे आणि त्यात मांस टिकवणारे नायट्राइट नसते. पाककृतीतले मीठ म्हणजे ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट मिसळलेले मीठ. ते चुकून जेवणात पडू नये म्हणून त्याला मुद्दाम रंग दिलेला असतो. प्रमाण किलोभर मांसाला २.५ ग्रॅम, त्याहून अधिक नाही, आणि ते चमच्याने न मोजता दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलावे, कारण नायट्राइट जास्त झाले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते.

गोव्याची चोरिसे मीठ, मिरची, लसूण आणि व्हिनेगर यांच्या बळावर उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात वाळतात आणि नंतर शिजवूनच खाल्ली जातात. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी करायच्या, बेगमीत ती पावसाळ्याआधी भरली जातात, यामागे हवामानाचे उघड कारण आहे. तुम्हीही एप्रिल-मे साधावा. जुलैच्या दमट हवेत मंद धुरावर टांगलेली चोरिसे वाळण्याआधी बुरशी धरतील. लाकूड आंब्याचे, पेरूचे किंवा नारळाची सोडणे वापरावीत. काजूची टरफले नकोत, त्यांच्या तेलाने कातडीला फोड येतात. खोक्यांच्या फळ्या तर बिलकूल नकोत : त्या बहुधा राळ असलेल्या पाइनच्या असतात, आणि त्यांवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्यांना मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीडनाशकाची वाफ दिलेली असते.