हेडफोनला वायर लावली की आवाज दबतो, असं का?

प्रश्न : आईच्या भजनी मंडळाच्या 1988 सालच्या कॅसेट माळ्यावर सापडल्या, डेकही दुरुस्त करून घेतला. घर टिळक रोडला लागून, दिवसभर बसची घरघर, म्हणून मुलाचा नॉइज कॅन्सलिंगवाला वायरलेस हेडफोन त्याच्याच वायरने डेकला जोडला. डेकचं भोक मोठं, त्यासाठी ॲडॉप्टर आणला. तर आवाज फक्त डाव्या कानात, तोही गोधडीतून आल्यासारखा, आणि खरखर आहे तशीच. हेडफोन बिघडलाय का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : हेडफोन बिघडलेला वाटत नाही, आधी ॲडॉप्टर बघा. त्याची पिन उजेडात धरून काळे पट्टे मोजा. एकच पट्टा असेल तर तो मोनो, दोन असतील तर स्टिरिओ. तुमच्याकडे एकच निघेल असं वाटतंय, कारण मोनोवर एकाच कानात आवाज येणं अगदी नेहमीचं आहे. तापकीर गल्लीत जाऊन 6.35 ते 3.5 एमएम स्टिरिओ असं सांगून मागा आणि पट्टे तिथेच मोजून घ्या.

आता गोधडीचं. तुम्ही हेडफोन चालू केला होता का? वायर लावली की बंद हेडफोनमधूनही आवाज येतो, त्यामुळे बटण दाबायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही, पण तेव्हा डेकचा सिग्नल थेट आतल्या स्पीकरला जातो, आणि हे हेडफोन मुळात आतल्या चिपने आवाज सुधारून ऐकवायचे म्हणून बनवलेले असतात, ती चिप झोपलेली असली की आवाज बोदा येतो आणि नॉइज कॅन्सलिंगही नसतं. सोनीच्या डब्ल्यूएच-1000एक्सएम4 चे कंपनीचेच आकडे बघा, चालू असताना इम्पिडन्स (म्हणजे सिग्नलला होणारा विरोध) 40 ओहम, बंद असताना 16, म्हणजे डेकच्या दृष्टीने ते जवळजवळ दोन वेगळे हेडफोन झाले. तेव्हा चार्ज करून, चालू करून ऐका. चार्जिंग आधीच उरकून घ्या, बऱ्याच मॉडेलमध्ये चार्जिंगची केबल लावलेली असताना हेडफोन चालूच होत नाही. वायरवर हेडफोनचं स्वतःचं व्हॉल्यूमही बरेचदा चालत नाही, म्हणून डेकचं बटण शून्यावर ठेवूनच सुरुवात करा, कानांसाठी सांगतोय.

मुलाची वायर मात्र जपून ठेवा, बोसच्या क्यूसी35, क्यूसी45 सारख्यांना हेडफोनकडे 2.5 एमएमची बारीक पिन लागते, साधी वायर बसतच नाही.

खरखर मात्र यातल्या कशानेच जाणार नाही. नॉइज कॅन्सलिंगचे माइक तुमच्या खोलीतला आवाज ऐकतात आणि त्याच्या उलट लहर तयार करतात, त्यामुळे बसची घरघर, पंखा असले एकसारखे खालच्या पट्टीतले आवाज छान कमी होतात, हॉर्न तेवढा होत नाही. टेपची खरखर तर भजनाबरोबर वायरमधूनच येतेय, ती त्या माइकला बाहेरचा गोंगाट वाटतच नाही.

आणि एक, जीव लावून सांगतो, कॅसेट पुन्हा पुन्हा वाजवण्याआधी डेकच्या लाइन आउटमधून (आवाज दुसऱ्या यंत्राला देण्याचं भोक) कॉम्प्युटरवर एकदा कॉपी करून ठेवा, इतकी जुनी टेप कधी अडकेल सांगता येत नाही. त्याआधी डेकचं हेड, म्हणजे टेप ज्याला घासत जाते तो धातूचा भाग, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा. काडी तपकिरी झाली तर थोडी गोधडी तिथेही होती.