लॉकडाऊनमध्ये सिव्हिलची कॅज्युअल्टी ओस पडली होती; मग एरवीची गर्दी खोटी होती का?

तुम्ही विचारलंय की २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत खान्देशातल्या सरकारी दवाखान्यांत कोविडच्या बाजूला धावपळ होती, पण कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, शुकशुकाट होता. मग एरवी तिथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना गरजच नव्हती, असं म्हणायचं का?

नाही. थोड्यांच्या बाबतीत ते खरं आहे. बाकीच्यांचा आजार होता तसाच होता, फक्त ते आले नाहीत. काही आले, पण वेळ टळून गेल्यावर.

आधी हे लक्षात घ्या की ही घट जगभर झाली. अमेरिकेत २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत तातडीच्या विभागातल्या भेटी आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ४२ टक्क्यांनी उतरल्या. इंग्लंडमध्ये एप्रिलची घट ५७ टक्के होती. अमेरिकेतल्या आकड्यांत सगळ्यात जास्त घट १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत दिसली, आणि ती बरीचशी खरी होती. शाळा बंद, मुलं घरात, म्हणून ताप-खोकला-जुलाबाचा संसर्ग कमी आणि खेळताना हातपाय मोडणंही कमी.

आपल्याकडे खरी घट अपघातांत झाली. देशात २०१९ मध्ये रस्ते अपघातांत १,५१,११३ माणसं गेली, २०२० मध्ये १,३१,७१४. धुळ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता आणि जळगाव-भुसावळचा महामार्ग एरवी कॅज्युअल्टीला सतत पेशंट पुरवतात. ती वाहनंच थांबली. शिवाय एप्रिल-मे ही आपली लग्नसराई. लग्नांना जाणाऱ्या गाड्यांचे अपघात, जेवणावळीनंतर एकाच गावातून येणारे उलटी-जुलाबाचे पेशंट, हे सगळं त्या उन्हाळ्यात जवळपास नव्हतं. शेतीच्या कामांना मात्र सूट होती. त्यामुळे विंचूदंश, विहिरीत पडणं किंवा मळणीयंत्रात हात जाणं कमी व्हायला काही कारण नव्हतं.

आता हार्ट अटॅक. रस्ते बंद झाले म्हणून रक्ताची गुठळी व्हायची थांबत नाही. तरीही देशभरातल्या हृदयविकार तज्ज्ञांच्या पाहणीत मार्च ते जून २०२० मध्ये अटॅकने दाखल होणारे सुमारे एक तृतीयांशाने घटले. हे लोक गेले कुठे? ‘छातीमा दुखस’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला सोडा किंवा गॅसची गोळी देऊन घरीच झोपवलं गेलं. दवाखान्यात नेलं तर कोरोना लागेल, स्वॅब घेतील, घरादाराला क्वारंटाइन करतील, ही भीती होतीच. त्यात एसटी बंद, काळीपिवळी बंद, गावच्या वेशीवर काट्या टाकलेल्या. आणि ज्या मोठ्या सरकारी दवाखान्याची सवय होती, तोच कोविडसाठी राखून ठेवलेला. नंदुरबार-नवापूरकडची माणसं मोठ्या उपचाराला सुरत गाठतात, रावेरकडची बऱ्हाणपूर. राज्याची हद्द ओलांडायची म्हणजे पास हवा.

उशिराची किंमत तासांत मोजता येते. अटॅकमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन १२ तासांपर्यंत देतात, पण खरा फायदा पहिल्या ३ तासांत. पक्षाघातात ही मुदत साडेचार तासांची. धडगाव-मोलगीच्या पाड्यावरून सातपुडा उतरायलाच वेळ लागतो; त्यात घरी काढलेली एक रात्र मिळवली की इंजेक्शनचा उपयोग संपला. अपेंडिक्सचं दुखणं दोन-तीन दिवस अंगावर काढलं तर ते फुटतं, मग छोट्या ऑपरेशनऐवजी पू झालेलं पोट उघडावं लागतं. जर्मनीत त्या काळात नव्याने मधुमेह झालेल्या मुलांपैकी रक्तात आम्ल वाढून गंभीर अवस्थेत आलेल्यांचं प्रमाण आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झालं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: पेशंटची संख्या कमी होते आणि त्याच वेळी येणारा पेशंट जास्त बिघडलेला असतो.

एक प्रकार वाढलाही. दारूची दुकानं मार्चअखेर एकाएकी बंद झाली. रोज पिणाऱ्याची दारू अशी तुटली की ६ ते ७२ तासांत थरकाप, झटके, भ्रम सुरू होतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

तुमच्या तालुक्याचं नक्की चित्र हवं असेल तर एकाच दवाखान्याचा एकूण आकडा पाहू नका. जिल्हा रुग्णालय कोविडला दिलं की तिथले पेशंट ग्रामीण रुग्णालयात किंवा खासगीत जातात. ती घट नसते, जागा बदललेली असते. आसपासच्या सगळ्या दवाखान्यांची नोंदवही एकत्र घ्या. २५ मार्च ते ३१ मे हा काळ २०१८, २०१९ आणि २०२० चा शेजारी शेजारी मांडा. अपघात, छातीत दुखणं, पक्षाघात, पोटदुखी, विषबाधा आणि दंश वेगवेगळे काढा. प्रत्येकात आले किती, दाखल किती, रेफर किती आणि आणण्याआधीच मृत किती, हे चार आकडे लिहा. आलेले कमी पण दाखल होण्याचं प्रमाण वाढलेलं, तर किरकोळ दुखणी घरी राहिली. छातीत दुखणारे कमी आणि आणण्याआधीच मृत जास्त, तर माणसं घरात किंवा वाटेत गेली.

घरीच मरण पावलेला माणूस तर दवाखान्याच्या वहीत येतच नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद पाहा. मृत्यू एरवी २१ दिवसांत नोंदवायचा असतो, पण लॉकडाऊनमध्ये अनेक नोंदी मागाहून झाल्या असणार. म्हणून नोंदीची तारीख नको, मृत्यूची तारीख धरा. नाहीतर एप्रिल उगाच निरोगी दिसेल आणि जुलैत साथ आल्यासारखं वाटेल. मृत्यूचं कारण तिथे बहुधा ‘वृद्धापकाळ’ एवढंच असतं, त्यामुळे कारणावर भर न देता वय आणि एकूण संख्या आधीच्या दोन वर्षांशी ताडून पाहा.