माल्टाला केअरर म्हणून येऊ का, असं विचारणाऱ्या सिस्टरला

तुझा प्रश्न असा: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, इचलकरंजीत चार वर्षं आयसीयू केलंय, एजंट माल्टातल्या, म्हणजे युरोपातल्या या छोट्या बेटावरच्या, वृद्धाश्रमात केअररची जागा देतोय आणि म्हणतोय, 'वर्षभरात आपोआप नर्स होशील.' येऊ का? ताई म्हणालीस, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

आधी तो 'आपोआप' खोडून टाक. आपल्याकडच्या वॉर्डातली मावशी आणि सिस्टर यांच्या मधलं काहीतरी म्हणजे इथला केअरर. अंघोळ, भरवणं, डायपर, कूस बदलणं हे त्याचं काम. औषधाला हात लावायचा नाही. नर्स व्हायला इथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते आणि ती तुझी तुलाच करावी लागते. मी २०१९ मध्ये एजंटला तीन लाख मोजून केअरर म्हणून आले आणि पावणेदोन वर्षं केअररच राहिले, कारण माझ्या कॉलेजकडून शिक्षणाच्या तासांचं पत्रक निघता निघेना. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं व्हेरिफिकेशन, मार्कलिस्ट, इंग्रजीची परीक्षा हे सगळं तिथे असतानाच उरकून घे. इथून फोनवर कागद हलत नाहीत.

जागा मात्र खऱ्या आहेत. देश केवढा, तर ३१६ चौरस किलोमीटर, आपला एखादा तालुकाही याहून मोठा असतो. लोक साडेपाच लाखांच्या आसपास. २०२३ मध्ये इथे दर बाईमागे १.०६ मुलं होती, अख्ख्या युरोपीय संघात सगळ्यात कमी. पूर्वी आईकडे लेक बघायची. गेल्या पंधरा-वीस वर्षांत लेकी नोकरीला लागल्या, २०१४ पासून सरकारने नोकरदार पालकांच्या मुलांसाठी पाळणाघरही मोफत केलं. नातवंडांची सोय झाली, आजीकडे बघायला मात्र घरात कोणी उरलं नाही. म्हणून सरकार घरी केअरर ठेवायलाही पैसे देतं. त्यात बहुतेक फिलिपिनो बायका आहेत.

बेट लहान असलं की गंमत अशी होते की एक बेड अडला तरी सगळं अडतं. मोठं सरकारी हॉस्पिटल एकच, म्सीदा गावातलं माटेर देई, २००७ मध्ये सुरू झालेलं. आजी पडते, खुब्याचं ऑपरेशन होतं, रिहॅबला जाते, चालायलाही लागते, पण तिसऱ्या मजल्यावरच्या घरी एकटी कशी जाणार? वृद्धाश्रमात जागा मिळेपर्यंत बेड तिचाच, आणि खाली इमर्जन्सीत पेशंट ट्रॉलीवर. शेजारच्या जिल्ह्यात पाठवून द्यावं, तर शेजारी समुद्र. म्हणून सरकार खाजगी वृद्धाश्रमांतले बेड विकत घेतं, आणि तुझी जागा निघते ती तिथे. लुआचं सेंट व्हिन्सेंट द पॉल हे सरकारी आश्रम तर हजारावर बेडचं आहे, एक गावच म्हण. फार दुर्मिळ आजार असेल तर पेशंट ब्रिटनला पाठवतात, तसा करारच आहे.

माणसं कमी म्हणून बाहेरून आणतात, पण ती टिकत नाहीत. २०२१ मध्ये ब्रिटनने भरती काढली आणि परदेशी नर्सेसची रांग लागली. माझ्या वॉर्डातल्या केरळच्या दोघी एकाच महिन्यात गेल्या, त्यांच्या नाइट आम्ही उरलेल्यांनी काढल्या. मी गेले नाही. पुढे ब्रिटनला जायची शिडी म्हणून इथे येणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण मॅनेजरही तुला पाहुणीच समजतो आणि रोस्टर तसाच लावतो, एवढं लक्षात ठेव.

आता जे एजंट सांगणार नाही ते. इंग्रजी इथली अधिकृत भाषा आहे, नातेवाईक छान बोलतात. पण डिमेन्शिया झाला की इंग्रजी आधी पुसलं जातं आणि उरते माल्टीज. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक आजी रात्रभर 'इलमा, इलमा' करत होती. मला वाटलं मुलीला हाका मारतेय. तिला पाणी हवं होतं. ही भाषा अरबीच्या घराण्यातली, इटालियन शब्दांनी भरलेली. आजीला 'नन्ना' म्हणतात, आजोबांना 'नन्नू'. दुखतंय म्हणजे 'उजीह'. 'साह्हा' म्हणजे तब्येत, आणि निरोप घेतानाही तेच. पन्नास शब्द पाठ करून ये. पगार वाढणार नाही, पण नन्ना हात झटकणार नाही.

करारात तीन गोष्टी बघ: हुद्दा केअरर की नर्स, आठवड्याचे तास, आणि राहण्याचे पैसे पगारातून कापणार का. भाडी फार चढली आहेत, चौघी मिळून फ्लॅट घेतात. कामाचं परमिट मालकाच्या नावाशी बांधलेलं असतं, म्हणजे नोकरी बदलायची तर पुन्हा अर्ज आणि वाट बघणं. नवऱ्याला, मुलाला आणायला पगाराची अट आहे, केअररच्या पगारात ते अवघड. म्हणून माझं मत: नोंदणीचा अर्ज आधी टाक, तो पुढे सरकेपर्यंत इचलकरंजीचं आयसीयू सोडू नकोस.

येशीलच तर जाड पांघरूण आण. इथली घरं दगडाची, जानेवारीत भिंतींना ओल धरते आणि सोलापुरी चादरीने काही भागत नाही.