नवा रिमोट घेण्याआधी रिसीव्हरचे व्होल्टेज पाहावे

परभणीच्या आपल्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कोडी हे चित्रपट-गाणी चालवणारे सॉफ्टवेअर वापरताना रिमोट दोन-तीन फुटांपलीकडे चालत नाही, दुपारी तर जवळूनही दाद देत नाही, तेव्हा नवा रिमोट घ्यावा का, असे आपण विचारले आहे. पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर टीएसओपी १७३८ हा रिमोटचा संकेत टिपणारा रिसीव्हर जोडून तो टीव्हीच्या शोकेसमध्ये काळ्या काचेमागे ठेवला आहे, असेही आपण लिहिले आहे. माझ्या मते रिमोटवर खर्च करू नये, कारण दोषाचे मूळ या जोडणीतच दिसते.

रिमोटची शंका फिटावी म्हणून त्यात नवे सेल घालावेत आणि त्याचे टोक मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पडद्यावर जांभळट उजेड लुकलुकला तर एलईडी शाबूत आहे. मागचा कॅमेरा पुष्कळदा रिमोटचा अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश गाळून टाकतो, त्यामुळे त्यात काही दिसले नाही तरी निष्कर्ष काढू नये. रिमोटला प्लॅस्टिकचे पिवळे पडलेले कव्हर असेल तर तेही काढावे. आपल्याकडे टीव्ही बदलतो, पण कव्हर निघत नाही.

आता मुख्य मुद्दा. टीएसओपी १७३८ ला उत्पादकाच्या डेटाशीटप्रमाणे ४.५ ते ५.५ व्होल्ट लागतात. ३.३ व्होल्टवर तो मुळीच चालत नाही असे नाही, परंतु त्या व्होल्टेजला त्याच्या संवेदनक्षमतेची हमी उरत नाही, आणि जवळून चालणारा पण लांबून न चालणारा रिमोट हे त्याचेच लक्षण असते. त्याला ५ व्होल्ट देणे हा मात्र उपाय नव्हे, कारण मग त्याच्या आउटपुटवरही ५ व्होल्टपर्यंत दाब येतो आणि रास्पबेरी पायच्या जीपीआयओ पिना, म्हणजे बाहेरचे संकेत घेणाऱ्या पिना, ३.३ व्होल्टपेक्षा अधिक सोसत नाहीत. सरळ मार्ग म्हणजे टीएसओपी ३८२३८ बसवणे: तो २.५ ते ५.५ व्होल्टवर चालतो आणि तोही ३८ किलोहर्ट्झच्या संकेतासाठीच बनलेला असल्यामुळे आपला रिमोट तसाच चालेल. बदलताना रिसीव्हरच्या तीन पायांचा (पिनांचा) क्रम मात्र जरूर पाहावा. फुगीर बाजू आपल्याकडे करून डावीकडून मोजल्यास १७३८ चा क्रम ग्राउंड, पुरवठा, आउटपुट असा आहे, तर ३८२३८ चा आउटपुट, ग्राउंड, पुरवठा असा आहे. जुन्याच जागी तसाच डाग दिल्यास (सोल्डर केल्यास) नवा रिसीव्हर जळू शकतो.

त्याच वेळी पुरवठ्याच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि पुरवठा व ग्राउंड यांच्यामध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर रिसीव्हरच्या अगदी पायांशी लावावा. स्वस्त चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट रिसीव्हरच्या आतल्या प्रवर्धकापर्यंत पोहोचला तर रिसीव्हर आपली संवेदनक्षमता आपोआप उतरवतो आणि खरा संकेतही त्याच्या हातून निसटतो.

दुपारच्या तक्रारीमागे मला ऊन दिसते. सूर्यप्रकाशात अवरक्त भाग भरपूर असतो, आणि पश्चिमेच्या खिडकीतून आलेली तिरीप रिसीव्हरवर पडली की रिमोटचा क्षीण संकेत त्यात बुडतो. एका दुपारी त्या खिडकीला जाड चादर लावून पाहिल्यास याचा निवाडा होईल. संध्याकाळी दिवे लागल्यावर त्रास होत असता तर मी सीएफएल किंवा इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबकडे बोट दाखवले असते. काळी काच काही प्रमाणात प्रकाश अडवते आणि तिच्यावर बसलेली धूळ उरलेले काम करते. म्हणून रिसीव्हर लांब तारेने बाहेर काढून टीव्हीच्या खालच्या कडेशी, उन्हापासून आडोशाला आणि बसण्याच्या जागेकडे तोंड करून चिकटवावा. सरळ रेषेपासून सुमारे ४५ अंश बाजूला गेल्यावर त्याचा पल्ला निम्म्यावर येतो, हे जागा ठरवताना ध्यानात असू द्यावे.

एवढ्यावरही भागले नाही तर लर्क (LIRC) या रिमोटचे संकेत वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमधील मोड-टू (mode2) हा आदेश चालवून पडद्याकडे पाहावे. कोणतेही बटण न दाबता आकडे सतत वाहत असतील तर प्रकाशाचा किंवा पुरवठ्याचा गोंगाट अजून शिल्लक आहे. लांबून बटण दाबल्यावर पडदा कोराच राहत असेल तर संकेत पोहोचतच नाही. आणि आकडे प्रत्येक वेळी नीट येऊनही कोडी हलत नसेल, तर चूक तारांमध्ये नसून बटणांच्या मांडणीच्या फाइलमध्ये आहे. तशा वेळी ती फाइल इथे द्यावी.