वाचकांचे प्रश्न : पीटीओ म्हणजे नेमके काय, आणि 540 कशासाठी?

प्रश्न : माझ्याकडे 45 एचपीचा ट्रॅक्टर आहे. रोटाव्हेटर घ्यायला गेलो तर दुकानदाराने विचारले, "पीटीओ एचपी किती? 540 आहे की 540 ई?" मिस्त्री मात्र मधल्या शाफ्टलाच पीटीओ म्हणतो. खरे काय?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : पीटीओ म्हणजे पॉवर टेक-ऑफ. इंजिनची ताकद चाकांकडे न नेता मागच्या अवजाराला देण्यासाठी ट्रॅक्टरच्या पाठीमागे, हायड्रॉलिकच्या दोन हातांच्या मधोमध जो खाचांचा आखूड दांडा बाहेर आलेला असतो, तो पीटीओ. तिथून अवजाराच्या गिअरबॉक्सपर्यंत जाणारा, दोन्ही टोकांना क्रॉस (म्हणजे वाकूनही फिरणारा सांधा) असलेला आणि मधे सरकणारा शाफ्ट वेगळा. त्याला कार्डन शाफ्ट म्हणतात. बोलताना दोन्हींना पीटीओ म्हटले तरी चालते, पण सुटा भाग मागवताना फरक सांगायलाच हवा. नाहीतर हातात भलतीच वस्तू पडते.

540 म्हणजे या दांड्याचे मिनिटाला फेरे. आपल्याकडे सर्वसाधारणपणे दिसतो तो 35 मिलिमीटर व्यासाचा, 6 खाचांचा दांडा याच वेगासाठी असतो. याच व्यासाचा पण 21 बारीक खाचांचा दांडा 1000 फेऱ्यांचा. खाचा वेगळ्या ठेवल्या त्या मुद्दाम, 540 चे अवजार चुकून 1000 वर जोडले जाऊ नये म्हणून. त्यामुळे अडॅप्टर लावून 'बसवून देतो' म्हणणाऱ्याला ठाम नकार द्या.

पीटीओ एचपी म्हणजे त्या दांड्यावर प्रत्यक्ष मिळणारी ताकद. गिअरमध्ये काही ताकद खर्च होते, म्हणून ती इंजिनच्या एचपीच्या साधारण 85 ते 90 टक्के भरते. तुमच्या 45 एचपीला 38 ते 40 धरा. अवजाराची निवड याच आकड्यावर करा, बॉनेटवर लिहिलेल्या आकड्यावर नव्हे.

540 ई मधला 'ई' म्हणजे इकॉनॉमी. यात इंजिन कमी वेगाने फिरत असतानाच पीटीओला 540 फेरे मिळतात. फवारणी, जनरेटर अशा हलक्या कामात डिझेल वाचते. पण समजा, या गिअरवर इंजिनच्या 1500 फेऱ्यांना 540 मिळतात आणि तुम्ही सवयीने 2000 पर्यंत रेटले, तर पीटीओ 720 वर जातो. फवारणीच्या ब्लोअरचा पंखा आणि पंप त्या वेगासाठी बनवलेलेच नसतात. जड मातीत रोटाव्हेटरला साधा 540 च वापरा.

प्रश्न : डिझेल वाचावे म्हणून आमचा चालक इंजिन कमी वेगात ठेवतो. शाफ्ट अवजाराला जोडणारे शिअर बोल्ट सारखे तुटतात. मोठा, कडक बोल्ट घालू का?

उत्तर : नको. आधी वेग बघा. तुमच्या ट्रॅक्टरला इंजिनच्या किती फेऱ्यांना 540 मिळतात, ते मीटरवरच्या पीटीओच्या खुणेवर किंवा पुस्तिकेत असते. ते 1800 असेल आणि चालक 1400 वर काम करत असेल, तर पीटीओ 420 वरच फिरतो. तेवढ्याच ताकदीचे काम कमी फेऱ्यांत काढायचे तर शाफ्टवरचा पीळ जवळजवळ 30 टक्क्यांनी वाढतो. तो पीळ बोल्ट सोसत नाही. ब्लोअरच्या बाबतीत वारा कमी पडून पानांच्या आतल्या बाजूला औषध पोचत नाही.

शिअर बोल्ट जास्त ताण आला की तुटण्यासाठीच असतो, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. कंपनीने सांगितलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच घाला. कडक बोल्ट घातला की पुढचा दगड लागल्यावर गिअरबॉक्सचे दाते जातात. बोल्ट योग्य, वेगही योग्य, तरी तुटत असेल तर वाफसा आला आहे का, पाती झिजली आहेत का आणि खोली जास्त ठेवली आहे का, ते पाहा.

प्रश्न : नवा शाफ्ट कापून बसवला, आता वळताना खडखडतो.

उत्तर : दोन शक्यता. पहिली म्हणजे लांबी. अवजार जोडून शाफ्टचे दोन भाग वेगळे करा, एक ट्रॅक्टरला, दुसरा अवजाराला लावा आणि शेजारी शेजारी धरा. अवजार वर-खाली करून सगळ्यात जवळची आणि सगळ्यात लांबची जागा पाहा. जवळच्या जागी नळी तळाला टेकायला नको, अडीच-तीन सेंटीमीटर तरी मोकळे हवे. लांबच्या जागी नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीइतक्या शिरलेल्या हव्यात. कापायचे तर आतली व बाहेरची नळी सारखीच कापा, प्लॅस्टिकचे गार्डही तेवढेच. कडा कानशीने घासा, ग्रीस लावा, मगच जोडा.

दुसरी आणि नेहमी नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे आतल्या दोन योकचे (क्रॉसला धरणाऱ्या दुबेळक्यांचे) कान एका रेषेत हवेत. वाकलेल्या क्रॉसमधून फिरताना शाफ्ट एका फेरीत दोनदा जलद, दोनदा मंद होतो. कान एका रेषेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर दुसरा क्रॉस हा फरक भरून काढतो. नाहीतर धक्के जमत जातात आणि क्रॉसच्या बेअरिंग खातात. म्हणून बांधावर वळताना किंवा अवजार पूर्ण उचलताना पीटीओ बंद करा. क्रॉसला दर 8-10 तासांनी ग्रीस द्या.

आणि गार्ड काढून ठेवला असेल तर आजच बसवा. 540 म्हणजे सेकंदाला 9 फेरे. 10 सेंटीमीटर जाडीच्या योकवर एका सेकंदात जवळपास पावणेतीन मीटर कापड गुंडाळले जाते. पदर, ओढणी, गळ्यातला गमछा सोडवायला तेवढा वेळ कुणालाच मिळत नाही. पात्यात अडकलेली वेल काढायची असो वा बोल्ट बदलायचा असो, पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच खाली उतरा.