उत्पादन कंपनीच्या ऑडिटचं नियोजन करताना जोखमी नेमक्या कुठे शोधायच्या?

सुरुवात स्टॉकपासून करा. कच्चा माल मोजता येतो. खरी अडचण अर्धवट तयार मालाची. कुठल्या टप्प्यावर किती खर्च चढवलाय, हे शॉप फ्लोअरवर फिरूनच कळतं. स्थिर उत्पादन खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा असतो. समजा क्षमता १ लाख नग, खर्च ५० लाख रुपये आणि उत्पादन फक्त ६० हजार नग. नगामागे ५० रुपयेच चढतील, ८३ नाही. उरलेले २० लाख थेट नफा-तोट्यात. मंदीच्या वर्षात ८३ चढवून उरलेल्या स्टॉकची किंमत वाढवली, की नफा फुगतो तो इथेच.

जॉब वर्करकडे (आपल्या मालावर बाहेर काम करून देणाऱ्याकडे) पडलेला माल डिलिव्हरी चलनांशी जुळवा. खेळत्या भांडवलाची मंजूर मर्यादा ५ कोटींच्या वर असेल, तर बँकेला दिलेली तिमाही स्टॉक स्टेटमेंट आत्ताच पुस्तकांशी ताडून बघा. फरक असेल तर कॅरो २०२० (ऑडिट अहवालात काय नमूद करायचं ते सांगणारा सरकारी आदेश) खाली तो लिहावा लागतोच. भंगाराची विक्री उत्पादनाच्या प्रमाणात आहे का? रोखीची असेल तर जरा जास्तच खोदा.

विक्रीत फसवणुकीची जोखीम एसए २४० (फसवणुकीबाबतचं ऑडिट मानक) नुसार गृहीतच धरायची. नाही धरली, तर कारण फाइलमध्ये हवं. मार्चअखेरची इनव्हॉइस, गेट पास, ई-वे बिलं आणि एप्रिलच्या क्रेडिट नोटा शेजारी ठेवून तपासायचं आत्ताच ठरवा.